कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्राएल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत एखादे जुने घर आजही ‘इस्राएलांचे’ म्हणून ओळखले जाते. त्या घरातली माणसे मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीच इस्रायलला निघून गेली. ती का गेली, तिथे त्यांचे कसे झाले, हे लोक आवर्जून विचारतात. ‘आपल्याच धर्माच्या देशात गेले, म्हणजे सुखात असतील’ अशी बहुतेकांची समजूत असते. पहिली पंधरा-वीस वर्षे तरी तसे नव्हते. तंबूत राहणे, रेशनवर दिवस काढणे, हे सगळे त्यांनी सोसले. पण जिव्हारी लागली ती गोष्ट वेगळीच होती: कोकणात ज्याबद्दल कुणी कधी शंका घेतली नाही, ते आपले यहुदीपण त्यांना यहुदी देशात सिद्ध करावे लागले.

बेने इस्राएल म्हणजे नेमके कोण?

कोकणातला मराठी बोलणारा यहुदी समाज. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश वाढला, अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. ही घटना नक्की केव्हाची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. गावोगावी हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सुंता, शनिवारचा विसावा, खवल्याचेच मासे खाणे आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी शतकानुशतके जपले. बाकी राहणी पूर्ण कोकणी. आडनावेसुद्धा पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर अशी.

अठराव्या शतकापासून ते मुंबईला येऊ लागले. कंपनीच्या पलटणीत शिरले. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. हे पलटणीतले अधिकारी होते. पुढे रेल्वे, टपाल, कस्टम, इस्पितळे, शाळा अशा ठिकाणी हा समाज स्थिरावला. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती.

इथे कुणी त्रास दिला म्हणून गेले का?

नाही. हे ठामपणे सांगायला हवे, कारण युरोपातल्या यहुद्यांची हकिकत माहीत असलेली माणसे तीच इथेही लावतात. कोकणात किंवा मुंबईत त्यांच्या वस्तीवर हल्ला झाला, सिनेगॉग जाळले, असे घडले नाही. या समाजातली वडीलधारी माणसे हे नेहमी सांगतात आणि अभिमानाने सांगतात.

मग गेले का? कारणे तीन-चार होती आणि प्रत्येक घरात त्यांचे प्रमाण निराळे होते. धर्माची ओढ खरी होती. ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ असे दर वल्हांडण सणाला म्हणत आलेल्या लोकांना १४ मे १९४८ रोजी इस्रायल स्थापन झाल्यावर ते खरोखर शक्य झाले. दुसरे कारण नोकऱ्यांचे. इंग्रजी अमलात रेल्वे-टपालात ज्यांचा जम बसला होता, त्यांना नव्या राज्यात मुलांना जागा मिळेल का याची धास्ती वाटू लागली. तिसरे म्हणजे यहुद्यांना इस्रायलला नेऊन वसवणारी ज्यू एजन्सी ही संस्था प्रवासाची सोय करत होती. आणि एकदा एक भाऊ गेला की पाठोपाठ बहीण, मग आईवडील. चाळीतले अर्धे बिऱ्हाड गेल्यावर उरलेल्यांनी तरी कुणासाठी थांबायचे?

५ जुलै १९५० रोजी इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, जगातल्या कुठल्याही यहुद्याला तिथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणारा कायदा केला. १९४८ ते १९५२ या काळात बेने इस्राएलांपैकी सुमारे २,३०० जण गेले. मोठी लाट त्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकात आली.

पहिल्यांदा उतरलेल्यांना तिथे काय दिसले?

तंबू. नवा देश त्या वेळी स्वतःच पायावर उभा नव्हता. १९४८ मध्ये तिथली यहुदी लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती आणि पुढच्या साडेतीन वर्षांत जवळजवळ तितकीच नवी माणसे येऊन दाखल झाली. युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेले, इराकी, येमेनी, रुमानियन, मोरोक्कन, आणि त्यांच्यात आपले पेण-पनवेलचे. एवढ्यांना घरे कुठून असणार? म्हणून १९५० पासून ‘माबरा’ नावाच्या तात्पुरत्या छावण्या उभारल्या. कापडी तंबू, पत्र्याच्या खोल्या, लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या ताडपत्रीच्या झोपड्या.

जमीन म्हणजे माती. पाण्याचा नळ सामाईक, संडास सामाईक, तेही लांब. वीज बहुतेक छावण्यांत नाही. कंदील आणि स्टोव्ह. बेने इस्राएलांपैकी बरेच जण बीरशेबाकडे, नेगेव वाळवंटाच्या तोंडाशी गेले. तिथे दिवसा पत्रा तापायचा आणि रात्री अंगात हुडहुडी भरायची. कोकणातल्या माणसाला पाऊस नवा नाही, पण थंडीतला पाऊस नवा होता. १९५० च्या फेब्रुवारीत तर तेल अवीवमध्येही बर्फ पडला. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत छावण्यांत पाणी शिरले, तंबू वाहून गेले, लष्कराला मदतीला यावे लागले.

मुंबईत लहान का होईना पण पक्की खोली, दाराशी नळ आणि कोपऱ्यावर डॉक्टर असलेले हे लोक होते. भायखळा, माझगाव, डोंगरी भागातला कारकून, त्याची शिक्षिका बायको, शाळेत इंग्रजी शिकणारी मुले. खेड्यातला दारिद्र्याने गांजलेला माणूस तंबूतही काही काळ काढू शकतो. या माणसांची मात्र घसरण झाली होती, आणि आपण घसरलो आहोत हे त्यांना रोज दिसत होते. भारतातून आलेले म्हणजे मागासलेले असणारच, असे गृहीत धरणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्यांना हे कळले नाही.

किती दिवस तंबूत काढावे लागले?

कुणी काही महिने, कुणी काही वर्षे. नंतर सरकारी वसाहतींत दोन खोल्यांची घरे मिळू लागली. १९५५ मध्ये वसवलेले दिमोना, तसेच येरुहाम, किर्यात गत, अश्दोद, आणि लोद, रामला ही जुनी गावे, इथे बेने इस्राएलांची वस्ती वाढली. यांतली नवी गावे मुद्दाम सीमाभागात आणि ओसाड मुलखात वसवलेली. देशाला तिथे माणसे हवी होती, आणि ज्यांच्या ओळखीपाळखी नव्हत्या त्यांना तिथे पाठवले गेले. उशिरा आलेल्या कुटुंबांना तंबूऐवजी थेट घर मिळाले, पण ते कुठे हवे हे विचारले जात नसे. काहींना रात्रीच्या ट्रकने नेऊन सोडले आणि सकाळी उठल्यावर आजूबाजूला वाळवंट दिसले, अशा आठवणी त्या पिढीतल्या अनेक समाजांकडून ऐकायला मिळतात.

खाण्यापिण्याचे हाल झाले का?

झाले. १९४९ मध्ये सुरू झालेले रेशन १९५९ मध्ये पूर्णपणे उठले. अंडी, तेल, साखर, मांस, सगळे कूपनावर. अंड्यांची भुकटी आणि गोठवलेले कॉड मासे हा त्या काळातला ठरलेला आहार. ताजी सुरमई आणि ओले बोंबील खाऊन वाढलेल्या बाईला ते कॉड शिजवायचे होते.

तांदळाची तूट सर्वांत जाणवली. तांदूळ इतका दुर्मिळ होता की पंतप्रधान बेन गुरियन यांच्या सांगण्यावरून एका खाद्यकंपनीने गव्हाच्या पिठाचे भाजलेले, तांदळाच्या आकाराचे दाणे बाजारात आणले. लोक त्याला ‘बेन गुरियनचा तांदूळ’ म्हणत. त्याचा भात होत नाही आणि त्यावर सोलकढी-आमटी ओतून समाधान होत नाही.

नारळाचे दुखणे आणखी खोल आहे. यहुदी धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोकणात बेने इस्राएल बायकांनी ही अडचण नारळाच्या रसाने कधीच सोडवली होती. मटणाच्या कालवणात नारळाचा रस, नव्या वर्षाच्या सणाला चिकाचा हलवाही नारळाच्या रसातला. नारळ नाही म्हटल्यावर सणाचा सगळा स्वयंपाकच अडला.

आणि मलिदा. एलियाहू हनावी, म्हणजे संदेष्टा एलिया, याला केलेला नवस फेडताना, लग्नाआधी किंवा दूरच्या प्रवासाआधी बेने इस्राएलांच्या घरी मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओले खोबरे, सुका मेवा, वेलची घालून ताटात रास करायची, भोवती फळे मांडायची, हिब्रूत प्रार्थना म्हणायच्या आणि मग सर्वांना वाटायचे. हा विधी जगातल्या दुसऱ्या कुठल्या यहुदी समाजात असा नाही. छावणीत पोहे कुठून आणायचे? मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या ट्रंकेत पोह्यांची पुरचुंडी असे ती यासाठी. आज लोद, रामला, बीरशेबा, दिमोना इथे भारतीय किराणा मालाची दुकाने आहेत आणि मलिद्याचे सामान सहज मिळते.

मुंबईत नोकरी असलेल्यांना तिथे काम मिळाले का?

काम मिळाले, पण हाताला येईल ते. रस्त्यांची खडी फोडणे, झाडे लावण्यासाठी डोंगरावर खड्डे खणणे, बांधकामावर विटा वाहणे. बेकारांना चार पैसे मिळावेत म्हणून सरकारने काढलेली ही कामे होती, तीही आठवड्यातून मोजकेच दिवस. टपालखात्यातून निवृत्तीला आलेल्या माणसाने पन्नाशीत कुदळ हातात घेतली. कारकुनी करायची तर हिब्रू लिहिता यायला हवे, आणि ते येत नव्हते.

पुढे परिस्थिती सुधारली. रेल्वे वर्कशॉप आणि गिरण्यांत काम केलेल्या कारागिरांचे हात उपयोगी पडले. लोदचा विमान उद्योग, दिमोनाच्या कापड गिरण्या, मृत समुद्राकाठचे पोटॅशचे कारखाने, अश्दोदचे बंदर इथे बेने इस्राएल मोठ्या संख्येने लागले. परिचारिकांना तर लगेच मागणी होती. वशिला मात्र लागायचाच. बढतीच्या वेळी पोलंड-रुमानियाच्या माणसाला आपले माणूस भेटायचे, कोकणच्या माणसाला वरच्या खुर्चीवर ओळखीचे कुणी नव्हते.

भाषेचा प्रश्न कसा सुटला?

प्रार्थनेपुरती हिब्रू अनेकांना वाचता येत होती. पण भाजीवाल्याशी भांडायला ती पुरत नाही. नव्याने आलेल्यांसाठी ‘उल्पान’ नावाचे हिब्रूचे वर्ग होते. तरुण शिकले, मुले सहा महिन्यांत पोपटासारखी बोलू लागली. म्हाताऱ्यांचे काय? आजीला दवाखान्यात कुठे दुखते ते सांगायला नातू लागे. घरात मराठी, रस्त्यावर हिब्रू आणि कागदपत्रांसाठी जमेल तसे इंग्रजी, असे एक-दोन पिढ्या चालले.

मुले भाषेत पुढे गेली तशी घरातली सत्ताही थोडी सरकली. कुठला अर्ज भरायचा, कुठे सही करायची, हे बारा वर्षांचा मुलगा बापाला सांगू लागला. ही गोष्ट स्थलांतरितांच्या सगळ्या समाजांत घडते. ज्या घरांत वडिलांच्या शब्दापुढे कुणी बोलत नव्हते, तिथे ती फार लागली.

रंगावरून भेदभाव झाला हे खरे आहे का?

खरे आहे. बीरशेबात पांढरा पाव मागितला तर ‘तुम्ही काळे, तुम्ही काळाच पाव खा’ असे ऐकवले गेल्याची तक्रार त्या वेळीच नोंदली गेली होती. रेशनमधला स्वस्त पाव काळपट असे आणि सगळेच तो खात, हेही खरे. पण पाव कुठला मिळाला यापेक्षा तो देताना कोण काय बोलले हे माणूस विसरत नाही. घर, काम, शाळा या प्रत्येक ठिकाणी आपल्याला शेवटच्या रांगेत उभे केले जाते, अशी भावना पसरत गेली.

हेही सांगायला हवे की या समाजात स्वतःत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. बाहेरच्या बायकांशी झालेल्या लग्नांच्या संततीला काळे म्हणत आणि त्यांच्याशी रोटीबेटी टाळत. आणि मुंबईत बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी बेने इस्राएलांना कमी लेखत. १८३६ मध्ये तर त्यांनी कबरस्तानात आपल्या आणि बेने इस्राएलांच्या थडग्यांमध्ये भिंत हवी म्हणून अर्ज केला होता. तेव्हा कमी लेखले जाणे नवे नव्हते. ते सरकारी मेजावरून होणे नवे होते.

१९५१ च्या अखेरीस बीरशेबाचे बेने इस्राएल तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या कार्यालयात जाऊन बसले. मागणी एकच: आम्हाला भारतात परत पाठवा. उपोषण आणि धरणे हे मार्ग त्यांना कुणी शिकवायला लागले नाहीत. मुंबईत १९४२ पाहिलेली माणसे होती ती.

मग काही जण खरेच परत आले का?

आले. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना ज्यू एजन्सीने विमानाने मुंबईला परत पाठवले. या लोकांबद्दल दोन्ही बाजूंनी कठोर बोलले गेले. तिकडे म्हणाले कृतघ्न, इकडे म्हणाले भोळे. मला ते दोन्ही पटत नाही. विकलेले घर, सोडलेली नोकरी, वाटून टाकलेली भांडी, सगळ्यांचा निरोप घेऊन गेलेली माणसे परत मुंबईत उतरतात तेव्हा त्यांना काय वाटले असेल याचा विचार करावा. इथेही त्यांची जागा भरली गेली होती. त्यांतल्या बहुतेकांनी पुढच्या काही वर्षांत पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी अर्ज केले आणि ते गेलेही.

लग्नाचा वाद म्हणजे काय होता?

हा या सगळ्या हकिकतीतला सर्वांत कडू भाग आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

इस्रायलमध्ये यहुद्यांचे लग्न रब्बींमार्फतच, म्हणजे धर्मगुरूंमार्फतच, होते. कोर्टात जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न करण्याची सोय देशात नाही. म्हणजे रब्बीने नाही म्हटले की लग्न अडले. १९५० च्या दशकात काही रब्बींनी बेने इस्राएल मुला-मुलींची इतर यहुद्यांशी लग्ने लावायला नकार दिला. त्यांचा आक्षेप असा: यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटासाठी ठरावीक पद्धतीचे लेखी पत्र लागते. ते नसताना बाईने दुसरे लग्न केले तर त्या संततीवर बट्टा लागतो आणि तो पिढ्यानपिढ्या पुसत नाही. निपुत्रिक विधवेलाही दिराकडून विधिपूर्वक मोकळीक घ्यावी लागते. कोकणातल्या या लोकांना शेकडो वर्षे हे नियम ठाऊक नव्हते, मग त्यांच्यात असा बट्टा नाही कशावरून?

बेने इस्राएलांचे उत्तर सरळ होते. आमच्यात घटस्फोट होतच नव्हते. विधवांची लग्नेही, कोकणातल्या शेजाऱ्यांप्रमाणे, होत नव्हती. जे घडलेच नाही त्याचा डाग कुठून येणार?

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने निर्णय दिला की बेने इस्राएलांशी लग्नाला मनाई करण्याचे कारण नाही. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये त्याच मंडळाने लग्ने लावणाऱ्या रब्बींना सूचना धाडल्या: बेने इस्राएल अर्जदाराची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, कुणी बाहेरचे होते का, घटस्फोट-पुनर्विवाह झाला होता का, ते तपासा. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम हे मूळचे बगदादचे. मुंबईतल्या बगदादी यहुद्यांनी कसे वागवले होते हे आठवणाऱ्यांच्या मनात याने काय आले असेल ते सांगायला नको.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय झाला ते बघा. दिमोनाची मुलगी, जन्म मुंबईचा, सैन्यात नोकरी करून आलेली. लग्न ठरले आहे. रब्बींच्या कचेरीत तिला विचारतात, तुझ्या आईच्या आईची आई कोण? ती कुठल्या गावची? तिचे लग्न कुणी लावले? ती मुलगी काय सांगणार? आजीची आजी रोह्याजवळच्या खेड्यात जन्मली, तेल गाळता गाळता मेली. तिच्या जन्माचा कागद नाही, लग्नाचा केतुबा, म्हणजे करारपत्र, वाळवीने खाल्ला. गावाला सगळे ठाऊक होते म्हणून कागद कधी लागलाच नव्हता. आणि तिचा होणारा नवरा मोरोक्कोचा असेल तर त्याला हे प्रश्न नाहीत. फक्त तिला. तिच्या सासरच्यांसमोर.

१९६४ च्या आंदोलनात काय घडले?

दोन वर्षे अर्ज, शिष्टमंडळे, वर्तमानपत्रांत पत्रे झाली. मग १९६४ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणचे बेने इस्राएल बायकामुलांसह जेरुसलेमला आले आणि ज्यू एजन्सीच्या आवारात ठाण मांडून बसले. साड्या नेसलेल्या बायका, कडेवर पोरे, हिब्रू आणि इंग्रजी फलक. देशभर बातम्या झाल्या. इस्रायलमधल्या बऱ्याच सामान्य लोकांची सहानुभूती त्यांच्या बाजूला होती, हेही नमूद करायला हवे.

पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी हा विषय क्नेसेटपुढे आणला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी विशेष चर्चा होऊन संसदेने जाहीर केले की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतर यहुद्यांत लग्नासह कुठल्याही बाबतीत फरक नाही, आणि रब्बीमंडळाने त्यांच्यावरचा अन्याय दूर करावा. दोन आठवड्यांत मंडळाने सूचनांतून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढले आणि त्या जागी ‘ज्याच्याबद्दल शंका असेल असा कुणीही’ अशा अर्थाचा मजकूर घातला.

सत्याग्रह यशस्वी झाला असे मी म्हणेन. वीस हजारांच्या आतला समाज, पाठीशी पैसा नाही, पुढारी नाहीत, भाषा नीट येत नाही, आणि तरी त्यांनी संसदेला बोलायला लावले. महाराष्ट्रात ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते.

मग वाद कायमचा मिटला का?

कायद्याने मिटला. १९९० च्या दशकातही एका शहरात बेने इस्राएलांच्या लग्ननोंदणीला स्थानिक पातळीवर आडकाठी झाली आणि पुन्हा आरडाओरड करावी लागली. आज मिश्र लग्ने सर्रास होतात.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांचे पूर्वज मध्यपूर्वेतले यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही असल्याचे दिसले. अनेकांना याने बरे वाटले. मला मात्र वाटते, ज्यांनी आपला शनिवार इतकी शतके पाळला त्यांना रक्ताच्या दाखल्याची गरज पडायलाच नको होती.

कोचीच्या आणि बगदादी यहुद्यांनाही असेच झेलावे लागले का?

तंबू आणि रेशन सर्वांनाच. कोचीचे यहुदी बहुतांशी एकगठ्ठा गेले आणि नेवातिम, मेसिलात झियोनसारख्या शेतीच्या गावांत वसले. शेतीचा अनुभव नसताना त्यांनी पुढे फुलशेतीत नाव काढले. त्यांच्या लग्नांवर असा देशव्यापी वाद झाला नाही. बगदादी यहुद्यांपैकी ऐपत असलेले बरेचसे लंडनला गेले.

भारतात ये-जा करता येत होती का?

सहज नाही. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, मुंबईत त्यांची वकिलात होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ ला जुळले. तोवर व्हिसा मिळवणे जिकिरीचे आणि तिकीट परवडण्याबाहेरचे. आई गेल्याची बातमी पत्राने कळायची, तीही दिवस झाल्यानंतर.

आज तिथे किती जण आहेत? मराठी टिकली आहे का?

भारतीय दूतावासाच्या अंदाजाने भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार यहुदी तिथे आहेत आणि त्यांत बहुसंख्य महाराष्ट्रातले. भारतात आता चार-पाच हजार उरले असतील. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मराठी पहिल्या पिढीत पक्की, दुसऱ्या पिढीत समजण्यापुरती आणि नातवंडांत ‘आजी’, ‘पोळी’, ‘बस खाली’ एवढी. तरी तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक निघत आले, बायकांची मंडळे एकत्र जमून मराठीत बायबलमधल्या कथांची कीर्तने आणि गाणी म्हणतात. बेने इस्राएल कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकातली, हरदासी कीर्तनावरून घेतलेली. वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली होती आणि तिच्या प्रती काही घरांत अजून आहेत. लग्नाआधीची मेंदी मात्र जोरात चालते, हिरव्या बांगड्या आणि साड्यांसह, आणि नवरी-नवऱ्यापैकी एक जण रशियन किंवा मोरोक्कन असला तरी.

क्रिकेटही त्यांनीच तिथे जगवले. इस्रायल १९७४ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा सहयोगी सदस्य आहे. बीरशेबा, दिमोना, अश्दोदच्या मैदानांवर खेळणारे बरेचसे भारतीय घरांतलेच.

आमच्या गावात इस्राएलांचे कबरस्तान आहे. कधीमधी तिथले लोक पूर्वजांचा शोध घेत येतात. त्यांना कशी मदत करावी?

हा प्रश्न नवगाव, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहा, म्हसळा भागातले लोक विचारतात आणि मला त्याचा फार आनंद होतो.

पहिले म्हणजे थडगे आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका. कोकणातला दगड आधीच पावसाने झिजलेला असतो. झुडपे कापा, मुळे उपटू नका, दगड हलतो. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, अक्षरे उठून दिसतात. मजकूर बहुधा हिब्रूत आणि मराठीत असतो, काही ठिकाणी इंग्रजीतही. मराठी ओळीत नाव, वडिलांचे नाव, गाव आणि साल मिळते. तेवढे नीट उतरवून ठेवा.

मग कागद. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर सर्वांत उपयोगी: जन्मतारीख, बापाचा धंदा आणि जातीच्या रकान्यात ‘इस्राएल’ अशी नोंद सापडू शकते. तलाठ्याकडे जुने फेरफार बघा, घर किंवा घाण्याची जागा कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली ते कळते. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही असेल तर तीही. अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ आणि पनवेलचे बेथ एल ही सिनेगॉगे उभी आहेत. तिथल्या विश्वस्तांना आधी कळवून, पाहुण्यांना घेऊन जावे. शनिवारी जाऊ नये.

आणि गावातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आत्ताच विचारून घ्या. कुठल्या घरात कोण राहत होते, मुलांची टोपणनावे काय होती, जाताना भांडी कुणाला दिली, म्हैस कुणी घेतली. येणारी नातवंडे नेमके हेच विचारतात, आणि ते कुठल्याच दप्तरात लिहिलेले नसते.